वरचा आणि खालचा

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांच्या त्या ऑफिसात या दोघांना खऱ्या नावानं हाक मारली ती फक्त नव्या साहेबांनी, आणि तीही पहिल्याच आठवड्यात. एरवी एक वरचा आणि एक खालचा. यात मानपानाचं काही नाही, उभं राहायची जागा तेवढी. इमारतीच्या गच्चीवर मशीनखोली असते, तिथं मोटर असते आणि वायरींचं कपाट असतं. तिथं उभा राहतो तो वरचा. आणि तळमजल्याच्याही खाली, लिफ्टचा डबा येऊन थांबतो त्याच्या पोटाखाली, एक खड्डा असतो. ओलसर, ग्रीसच्या वासाचा. लोकांच्या हातून फटीतून पडलेलं सगळं तिथं सापडतं. किल्ल्या, कानातलं एखादं डूल, एकदा तर अख्खी कवळी सापडली होती. त्या खड्ड्यात उतरतो तो खालचा. ही गोष्ट खालच्याची आहे, पण वरच्याला वगळून ती सांगायला गेलं तर खालचाच माझ्याशी भांडायला येईल.

खालचा अंगानं चांगला आडवा. तो त्या खड्ड्यात मावतो कसा, हे कोडं ऑफिसात कुणाला सुटलेलं नव्हतं. आणि बोलका म्हणजे किती असावा माणसानं? लिफ्टची वाट बघत उभ्या असलेल्या एखाद्या बाईला दुरुस्तीला किती वेळ लागेल हे सांगायला जायचा, आणि पाच मिनिटांत तिच्या गुडघेदुखीपर्यंत येऊन पोचायचा. वरचा त्याच्या अगदी उलट. उंच, वाळका, कपाळाला कायम आठी. बोलायचा कमी, पण बोलला की समोरच्याची सालटी निघायची. रागीट म्हणत नाही मी त्याला. तोंडाळ म्हणा.

आता त्यांच्या कामाची रीत सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. खड्ड्यात उतरायच्या शिडीजवळ भिंतीला एक लाल बटण असतं. ते दाबलं की डबा जागचा हलत नाही, मग कुणी कुठल्या मजल्यावर बटणं बडवत बसो. खालच्यानं उतरताना वरच्यानं वरून ओरडायचं, "लाल?" खालच्यानं बटण दाबून ओरडायचं, "लाल दाबलं." मग वरच्यानं, "ऐकलं." झालं. पण आमचा वरचा त्यात आपल्या पदरचं घालायचा. "लाल दाबलंस का रे गाढवा, की घरच्यांना कंटाळलायस?" हे सगळ्या मजल्यांवर स्वच्छ ऐकू जायचं. एका इमारतीतल्या बाईंनी तक्रार केली की आमच्या मुलांच्या कानावर भलते शब्द पडतात. साहेबांनी वरच्याला बोलावून समजावलं. दुसऱ्या दिवसापासून गाढवाच्या जागी बैल आला.

खालच्याला याचं कधी वाईट वाटलं नाही. उलट वरच्याचा आवाज खाली येईपर्यंत त्याला काम सुरू झाल्यासारखंच वाटायचं नाही.

पण ही जोडी अशी पहिल्या दिवसापासून जमली असं समजू नका. खालचा माणसांत विरघळणारा. ओळख झाली की दुसऱ्या दिवशी त्याला आपल्या घरची सगळी भांडणं सांगून मोकळा. वरच्याशी जोडी लागली तेव्हा त्याच्या घरी मेव्हण्यावरून रामायण चाललं होतं. खालचा खड्ड्यात बसून ते वरती ओरडून सांगायचा. मेव्हणा असं म्हणाला, मग बायको असं म्हणाली, मग सासूबाईंनी असा डोळ्याला पदर लावला. वरच्यानं काही दिवस ऐकून घेतलं. मग एकदा त्यानं वीज बंद केली, सगळे जिने उतरून खाली आला आणि खड्ड्याच्या काठाशी उकिडवा बसला.

"हे बघ," तो म्हणाला, "तुझा मेव्हणा डोक्यात घेऊन मला स्विचवर हात ठेवता येत नाही. हे चहाला सांग. इथं फक्त कामाचं."

खालच्याचं तोंड एवढंसं झालं. किती तुसडा माणूस पदरात पडला म्हणून तो आतल्या आत कुढत बसला, चहाला जायचाही त्यानं बंद केला. शेवटी वरच्यानंच त्याला ओढून टपरीवर नेलं आणि बाकावर बसवून विचारलं, "हं, मग मेव्हण्याचं काय झालं?" खालचा बघतच राहिला. वरच्याला सगळं पाठ होतं, सासूबाईंच्या पदरासकट. कान नव्हते असं नव्हतंच, जागा चुकली होती. त्या दिवसापासून घरचं सगळं बाकावर आणि कामाचं सगळं कामावर, अशी वाटणी झाली ती झालीच.

आणखी एक सांगतो. एकदा वरच्यानं विचारलं, रविवारी येतोस का, कपाट हलवायचंय. खालचा थकलेला होता. पण आजवर कुणाला नाही म्हणणं त्याला जमलेलं नव्हतं, लोकांची कपाटं हलवण्यातच त्याचे निम्मे रविवार गेले होते. त्या दिवशी का कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, "नाही रे, रविवारी जमणार नाही." आणि लगेच तो मनात घाबरला, आता हा तोंड फुगवणार. वरचा म्हणाला, "बरं." सोमवारी आला तो नेहमीसारखाच, डब्यातली भाजी अर्धी याच्या डब्यात लोटत. पुन्हा कपाटाचा विषय नाही, टोमणा नाही. आपलं 'नाही' कुणी इतकं सरळ घेतलं, असं खालच्याच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. त्या एका 'बरं'वर त्याचा वरच्यावर जीव जडला.

वरचाही कोरडा नव्हता हो. खालच्याची आई दवाखान्यात होती तेव्हा तो संध्याकाळी काम आटोपून यायचा, बाहेरच्या बाकड्यावर बसायचा, औषध आणायचं असलं तर आणायचा. कधी एक प्रश्न विचारला नाही, एक सल्ला दिला नाही. भाऊबहिणी जमले की गुपचूप उठून निघून जायचा. घरच्यांच्या घोळक्यात आपली जागा कुठं संपते ते त्याला बरोबर कळायचं.

अशी वर्षं गेली. पोरं मोठी झाली. खालच्याचा मुलगा शाळेत गणित शिकवायला लागला, वरच्याची मुलगी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला. ऑफिसची सगळ्या कुटुंबांसकट तळ्याकाठी सहल गेली, तिथं ही दोन पोरं एका होडीत बसली. वल्हवता दोघांनाही येत नव्हतं. होडी तळ्याच्या मध्यभागी गोल गोल फिरत राहिली आणि काठावर सगळं ऑफिस हसून लोळलं. होडीतली दोघं मात्र उतरायची काही घाई करत नव्हती. पुढचं सांगायला नको.

काही महिन्यांनी एकदा चहाच्या बाकावर वरचा चुळबुळ करायला लागला. ग्लास फिरव, चमचा वाजव, चप्पल काढ, परत घाल.

"काय रे, पोटात दुखतंय का?" खालच्यानं विचारलं.

"नाही. म्हणजे, घरात एक विषय निघाला होता," वरचा म्हणाला. "आमच्या मुलीचा. तुमच्या मुलाचा. त्यांचं त्यांनी ठरवल्यासारखंच आहे. आपण मोठ्यांनी तेवढं..."

खालच्याला आधी आनंदच झाला. खरंच सांगतो, त्याला वाटलं की इथंच रस्त्यावर याला मिठी मारावी. आणि मग तो एकदम धास्तावला. त्याच्या थोरल्या भावानं आपल्या जिवाभावाच्या दोस्ताशी सोयरीक केली होती. आधी हे दोघं एकमेकांच्या पाठीत गुद्दे घालायचे. व्याही झाल्यापासून समोरासमोर बसून "तब्येत काय म्हणते" यापलीकडे त्यांना बोलायला काही उरलं नव्हतं. एकानं पाण्याचा पेला पुढे करायचा, दुसऱ्यानं "कशाला, कशाला" म्हणायचं. खालच्याला आपण दोघं तसे बसलेलो दिसलो.

"विचार करून सांगतो," तो म्हणाला. आणि म्हणता म्हणताच त्याला आपला आवाज कुणा परक्याचा वाटला.

घरी बायकोनं फैलावर घेतलं. "यात विचार कसला करायचा? मुलीत खोट आहे का?"

"लाखात एक आहे."

"माणसं वाईट आहेत?"

"काहीतरीच."

"मग घोडं अडलं कुठं?"

 सून मिळेल पण मित्र जाईल, हे खालच्यानं बायकोला सांगायचं कसं? तिला ते खुळ्यासारखं वाटलं असतं, आणि उघड्या उजेडात त्यालाही वाटत होतं. आणि वरच्याला द्यायचं उत्तर रोज उद्यावर गेलं.

तिकडे वरच्यात काय फरक पडत चालला होता म्हणता. आधी 'अरे'चं 'अहो' झालं. मग चहा आला की पहिला ग्लास खालच्याच्या हातात. मग अवजारांची पिशवी, "राहू द्या, मी घेतो." डब्यातली भाजी आता अर्धी नाही, जवळजवळ सगळीच खालच्याकडे यायला लागली. खालचा एकदा मुद्दाम ग्रीसचा डबा उघडा ठेवून गेला. असल्या गुन्ह्याला आधी निदान दोन पिढ्यांचा उद्धार ठरलेला असायचा. वरच्यानं गुमान झाकण लावलं. 

खड्ड्यात उतरताना येणारा आवाजही बदलला. गाढव गेलं, बैल गेला, नुसतं "लाल?" उरलं. मग "लाल, बरं का." तेही एवढं हळू की मधल्या मजल्यावरच कुठंतरी विरून जावं.

आणि मग एक दिवस काहीच आलं नाही.

जुनी कचेरीची इमारत होती. वरच्याला कपाटातली जोडणी तपासायची होती, म्हणून वीज चालूच होती. तळमजल्यावर "दुरुस्ती चालू आहे" ही पाटी लावून खालचा खड्ड्यात उतरला. वरून हाक नाही. खालच्याचा हात इतकी वर्षं बटणाकडे जायचा तो वरच्याच्या ओरडण्यावर, गजर झाला की माणूस उठतो तसा. गजर झाला नाही, हात गेला नाही. दुसऱ्या कुठल्याही जोडीत हे घडलं नसतं, कारण दुसरे लोक न विचारता आपापलं बटण दाबतात. या दोघांनी मात्र एका बटणाचं काम दोघांत वाटून घेतलं होतं.

खालचा छोट्या शिडीवर चढून भिंतीचा लोखंडी रूळ पुसत होता. तेवढ्यात तळमजल्यावर कुणीतरी आलं, पाटीकडे बघितलं न बघितलं आणि बटण दाबलं. वर दोर सळसळले. आयुष्य ज्या आवाजात गेलं तो आवाज कुणी समजावून सांगावा लागत नाही. खालच्यानं शिडी सोडली आणि एवढा आडवा माणूस कोपऱ्यात मुटकुळं करून बसला. डबा खाली आला. शिडी कडाकडा मोडली. डबा त्याच्या डोक्यावर येऊन थांबला, दार उघडलं, कुणीतरी गुणगुणत आत चढलं.

मग वरून वीज गेली. शिडी मोडल्याचा आवाज वरच्यानं ऐकला होता.

"खाली?" वरून आवाज आला, फाटलेला.

खालच्यानं अंधारात चाचपडत बटण शोधलं.  "लाल दाबलं," तो ओरडला.  मग वरच्यानं मोटरचं चाक हातानं फिरवलं तसा डबा इंच इंच वर जायला लागला, आणि आत अडकलेला माणूस आपल्याला उशीर होतोय म्हणून आरडाओरडा करायला लागला.

दोघं जिन्यात भेटले. वरचा धावत उतरला होता, त्याच्या चेहऱ्यावर रक्त म्हणून नव्हतं. खालच्याला कोपर खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं, पण तो पायरीवरच बसला.

"लागलं तर नाही ना तुम्हाला?" वरच्यानं विचारलं.

आणि खालच्याचं डोकंच फिरलं. "शिवी दे," तो म्हणाला.

"काय?"

"शिवी दे मला. बटण न दाबता खड्ड्यात उतरलो मी. झाकण लावलं नाही म्हणून माझे वाडवडील काढणारा तू, आणि आज मला लागलं का विचारतोस? अहोजाहो करतोस?"

  वरचा शेजारी पायरीवर टेकला आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. इतक्या वर्षांत खालच्यानं हे कधी पाहिलं नव्हतं.

"होत नाही माझ्याच्यानं," वरचा म्हणाला. "ओरडायला गेलो की पोरीचं तोंड पुढं येतं. वाटतं, तुला राग यायचा, आणि तू नाही म्हणायचास. तू अजून सांगितलं कुठंयस? बायको रोज बजावते, मुलाकडचे आहेत, जरा तोंड आवरा. आज वाटलं, इतका जुना माणूस, त्याला काय लहान पोरासारखं विचारायचं. तोंड आवरलं मी. आणि तुला मारला असता."

खालच्याला हे ऐकून कसंसंच झालं. त्यानं जे उत्तर अडवून धरलं होतं ते मित्र राहावा म्हणून, आणि त्याच टांगणीपायी मित्राचा आवाज बंद झाला होता. हा माणूस रोज सकाळी गच्चीवर उभा राहून मुलीच्या सुखासाठी जीभ चावत होता आणि आपण खाली बसून रुसत होतो.

"हो आहे," खालचा म्हणाला. "होकार. पहिल्या दिवसापासून होता. तुझी लेक आमच्या घरात येणार म्हणजे भाग्य आहे आमचं. झालं? सुटलास? आता दे शिवी."

वरच्यानं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. बराच वेळ त्यानं खरोखर प्रयत्न केला. मग मान हलवली.

"आता तर मुळीच जमायचं नाही," तो म्हणाला. "आता तू व्याही झालास."

दोघंही हसायला लागले. मग एकदमच थांबले. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे दोघांनाही एकाच वेळी कळलं. खड्ड्यातल्या माणसाचा जीव वरच्या माणसाच्या तोंडावर टांगलेला असतो, आणि व्याह्यावर कुणाला ओरडता येत नाही.

त्याच दुपारी दोघांनी साहेबांना सगळं सांगितलं आणि भरपूर बोलणी खाल्ली. घरी खालच्यानं होकार दिल्याचं सांगितलं तेव्हा बायकोनं आधी सुस्कारा सोडला, मग कोपराला औषध लावलं आणि लावताना चांगलं झोंबवलं. मुलगा जवळ येऊन बसला. गणिताचा मास्तर, पण बापाचा चेहरा त्याला वाचता यायचा.

"बाबा, तुम्ही मनापासून खूश नाही का?"

"आहे रे. पोरगी आम्हाला फार आवडते."

"मग?"

"तुझ्या सासऱ्यावर माझा जीव आहे," खालचा म्हणाला, "तेवढंच."

मुलाला ते कळलं असावं. नुसता बापाशेजारी बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी खालचा साहेबांच्या केबिनबाहेर उभा राहिला. आत जायचं जिवावर आलं होतं. आपण हे मागितलं की वरच्याला काय वाटेल? एवढ्या वर्षांचा सोबती, आणि होकार दिल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याच्यापासून सुटका मागतो. पण त्याला लग्नात नाचायचं होतं, नातवंडं खांद्यावर घ्यायची होती, आणि त्या नातवंडांच्या आजोबाला आपल्या मरणाचं ओझं वाहायला लावायचं नव्हतं. तो आत गेला.

"साहेब, आमची जोडी बदलून द्या."

साहेबांनी चष्मा काढला. "कालच्या प्रकरणावरून भांडलात?"

"नाही साहेब. सोयरीक झाली."

साहेब अभिनंदन करायला अर्धे उठले आणि परत बसले. "म्हणजे तुम्हालाही तेच हवंय?"

"मलाही म्हणजे?"

"ते सकाळीच येऊन गेले. हेच मागायला. म्हणाले, मला कुणीही द्या, मी वरती असतो, मला काय होणार आहे. पण खालच्यासाठी चांगला तोंडाळ माणूस शोधा. सभ्य माणूस देऊ नका, सभ्य माणसाबरोबर तो मरेल."

खालचा खुर्चीचा हात धरून उभा राहिला. 

"असं म्हणाला तो?"

"अगदी असंच," साहेब म्हणाले. "शिवाय जाता जाता तुम्हाला एक शिवीही घातली त्यांनी. ती काही मी सांगत नाही."

"सांगा ना साहेब," खालचा म्हणाला.